गुरुवारचा फोन

लॉकडाऊनमध्ये आमचं एडिनबराचं चर्च बंद झालं, तेव्हा पाळकबाईंनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं मंडळीत वाटून दिली. माझ्या वाट्याला एक निवृत्त शिक्षिका आल्या. दर गुरुवारी त्यांना फोन करायचा, खुशाली विचारायची आणि दोघींनी मिळून प्रार्थना म्हणायची. त्या तासभर बोलत, शेजारीण रोज दारात दूध ठेवते हे कौतुकानं सांगत. मला मात्र त्या वेळात वाचायचं असे. ईस्टरनंतर मी फोन करणं सोडलं आणि कुणाला सांगितलंही नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर त्या गेल्या. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. पाळकबाई फोनवर म्हणाल्या, "तुम्ही यायलाच हवं. 'माझी गुरुवारची मैत्रीण कधी चुकत नाही,' असं त्या शेवटपर्यंत सांगायच्या."

माझे फोन बंद झाल्याचं लपवून शिक्षिकाबाईंनी मला सांभाळून घेतलं होतं. खरं सांगायची वेळ तीच होती. मी "येते" म्हणाले.

चर्चमध्ये दूर दूर मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर माझ्या नावाची चिठ्ठी होती. खिडकीतून फाटक दिसत होतं. तिथे थंडीत एक बाई उभी होती; रोज दूध ठेवणारी शेजारीण तीच, तिचं नाव यादीत नाही, असं पाळकबाईंनी सांगितलं. उठून तिला जागा द्यावी असं वाटलं, पण मग कारण सांगावं लागलं असतं. मी बसून राहिले.