सौनाची लाइन

रेनो कांगास एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. सगळी उमर खाणीतल्या अवजड ट्रकांची इंजिनं उघडण्यात गेली, आता रिटायर झाला तरी हाताला चैन नाही. त्यात यंदाच्या हिवाळ्यात त्याच्या मागे एक नवीनच भुणभुण लागली होती. कोट चढवायचा, बर्फ तुडवत अंगणात जायचं, गाडीच्या काचेतून चार्जिंगचा आकडा बघायचा आणि तोंड पाडून परत यायचं. जेवतानासुद्धा उठायचा. त्याची बायको हेल्मी म्हणायची, तू बघितल्याने ती लवकर भरणार आहे का?

गाडी विजेची. जुना पिकअप बंद पडला तेव्हा मुलीने आपली वापरलेली गाडी देऊन टाकली होती. उन्हाळ्यात घरच्या साध्या, एकशेवीस व्होल्टच्या प्लगवर ती रडतखडत का होईना भरायची. पण उत्तर मिनेसोटातली जानेवारीची थंडी म्हणजे काय चेष्टा आहे? आलेली निम्मी वीज ती बया स्वतःची बॅटरी ऊबदार ठेवण्यातच खाऊन टाकायची. आणि हेल्मीला तर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, तेही साठ मैल लांब. तिथे चार्जिंगची सोय नाही. त्या बुधवारी परत येताना चार्ज पुरेना म्हणून गाडीतला हीटर बंद करावा लागला. हेल्मी दोन घोंगड्यांत गुरफटून कुडकुडत बसली होती आणि रेनो तिच्याकडे बघायचं टाळत गाडी हाकत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की घरी आल्यावर कोटही न काढता त्याने वायरमनला फोन लावला.

वायरमन डेल कोव्हाचिच, खाणीतल्या जुन्या दोस्ताचा मुलगा. दुसऱ्या दिवशी आला, तळघरातला मेन बोर्ड उघडला आणि मान हलवली. गाडी लवकर भरायची तर दोनशेचाळीस व्होल्टची जाड लाइन हवी, आणि बोर्डात तिळाएवढी जागा नाही. मोठा बोर्ड बसवायचा तर रस्त्यापासून नवी केबल टाकायला जमीन खणावी लागणार, आणि जमीन तर गोठून दगड झालेली. म्हणजे गेलं ते थेट मे महिन्यावर.

"तशी एक लाइन आहे," डेल खाली बघत म्हणाला. "सौनाच्या हीटरची."

रेनोने विचारून पाहिलं, शनिवारी सौना आणि बाकीचे दिवस गाडी, असं नाही का जमणार? एका लाइनवर दोन्ही टांगलं तर विजेचा तपासनीस पास करणार नाही, डेल म्हणाला, आणि मीही तसं करून देणार नाही.

आता रेनोसारख्या फिनिश माणसाला सौना सोड म्हणणं म्हणजे काय, हे त्या गावात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. तळघरातली ती घाम काढायची लाकडी खोली रेनोने लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हाताने बांधलेली. दर शनिवारी दोघं त्या वाफेत शेजारी-शेजारी बसायची, आठवड्याची भांडणं तिथेच मिटायची. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने हेल्मीला उष्णतेची बंदी केली, तिचं प्रेशर एकदम खाली जायचं. तेव्हापासून आत रेनो एकटा, आणि हेल्मी दाराबाहेर खुर्ची टाकून त्याच्याशी मोठ्याने गप्पा मारत बसलेली.

रेनोने तळघरात दोन फेऱ्या मारल्या आणि डेलला म्हणाला, "काप."

संध्याकाळपर्यंत अंगणातल्या भिंतीवर गाडीच्या चार्जिंगची पेटी बसली. हेल्मीला कळलं तेव्हा ती भडकलीच.

"मला विचारलंस?"

"काय विचारायचं त्यात? तुला परत तसं गारठवत आणू?"

"माझ्या या दुखण्याने या घरातलं एकेक गिळलंय, रेनो. तुझं मासे धरायला जाणं गेलं, मित्रांकडे जाणं गेलं. तेवढं एक उरलं होतं, तेही तू त्याच्या तोंडात घातलंस."

शुक्रवारी गाडी काठोकाठ भरलेली होती. हीटर इतका मस्त चालला की हेल्मीने कोट काढून मांडीवर घेतला. पण जाता-येता ती अवाक्षर बोलली नाही, आणि तिचा तो अबोला रेनोला आधीच्या गारठ्याहून वाईट झोंबला.

शनिवार उजाडला. रेनोने आधीच साफ असलेल्या पायऱ्या पुन्हा साफ केल्या. जिना चढला, उतरला, रेडिओ लावला, बंद केला. सौनाची वेळ झाली तसे त्याचे पाय आपसूक तळघराकडे वळले. हेल्मी वर स्वयंपाकघरात असेल, असं त्याला वाटत होतं.

सौनाचं दार उघडं होतं. आत हेल्मी उभी, अंगात जाड झगा, खालच्या बाकावर गरम पाण्याचं घमेलं आणि टॉवेल.

"तू आत काय करतेस?" रेनो घाबरून म्हणाला. "डॉक्टर..."

"डॉक्टरने गरमीला नाही म्हटलंय, बाकावर बसायला नाही. आता इथे कुठली आलीय गरमी? ये, शर्ट काढ, पाठ चोळून देते."

रेनोने मुकाट्याने शर्ट काढला आणि वरच्या बाकावर मधोमध बसला, गेली दोन वर्षं बसत होता तसा.

"सरक तिकडे," हेल्मी म्हणाली. "माझी जागा आहे ती."

रेनो सरकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते घामावर ढकलायची आज काही सोय नव्हती.