ज्ञानू हवालदाराचा पाचवा अर्ज

ज्ञानू हवालदाराचं मागणं एकच होतं: गगनबावड्याला बदली. लोक अशी बदली रद्द व्हावी म्हणून पुढाऱ्याच्या दारात बसतात. हा गडी मात्र जिथं आठवडाभर कपडे वाळत नाहीत आणि फोनला रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जावं लागतं, अशा जागी जायला चार अर्ज करून बसला होता. कारण साधं होतं. त्याची बायको विमला तिथं आरोग्यसेविका होती. अकरा वर्षं तिचं बिऱ्हाड घाटमाथ्यावर आणि ह्याचं कोल्हापुरात, भाड्याच्या एका खोलीत. रविवारी सुट्टी मिळालीच तर एस.टी.नं जायचं, जेवायचं, विमलाला बाळंतपणाचा फोन आला की तिच्या चपला हुडकून द्यायच्या आणि परत फिरायचं. नोकरीची तीन वर्षं राहिली होती. तेवढी तरी एका छपराखाली जावीत, बाकी काही नको.

चारही अर्ज परत आले. चारही अर्जांवर एकच शेरा: "अर्जदाराची सायबर कक्षास आवश्यकता आहे."

ही आवश्यकता कशी जन्माला आली तेही सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी तेव्हाच्या साहेबांच्या मेहुण्याचा भारीतला मोबाईल हरवला. ज्ञानू रिक्षा स्टॉपवर जाऊन तासभर गप्पा मारत बसला आणि एका रिक्षाच्या सीटखालून मोबाईल काढून घेऊन आला. साहेब म्हणाले, ह्याला मोबाईलमधलं कळतंय. आठ दिवसांत ऑर्डर निघाली. तेव्हापासून ज्ञानू सायबर कक्षात होता. स्वतःच्या फोनमधला गजर बंद कसा करायचा हे त्याला अजून उमगलं नव्हतं, त्यामुळं सुट्टीच्या दिवशीही तो साडेचारलाच उठायचा.

यंदा गणपतीच्या आधी एक प्रकरण आलं. परराज्यातल्या पोलिसांनी एक माणूस धरला होता. इंटरनेटच्या चोरवाटांवर दुकान मांडून तो अंग फुगवायची, बंदी असलेली इंजेक्शनं विकायचा. त्याच्या कॉम्प्युटरात गिऱ्हाइकांची यादी मिळाली. त्यातली चार पार्सलं कोल्हापूरची. चार पार्सलांना चार खोटी नावं, चार खोटे पत्ते, चार नंबर, आणि चारही नंबर आता बंद. असलंच काहीतरी टोचून घेऊन इचलकरंजीतला एक तरुण विणकर किडन्या बिघडून दवाखान्यात पडला होता, म्हणून वरून रोज फोन यायचा.

आत्ताचे निरीक्षक उदयसिंह साहेब कावलेले होते. ते म्हणाले, "ज्ञानू, कक्षातनं ह्या केसचा निकाल लागू दे. मग आण तुझा पाचवा अर्ज. सही करतो."

कक्षात कामाची माणसं दोनच. एक ज्ञानू आणि दुसऱ्या उपनिरीक्षक अनुजा मॅडम, नाशिककडच्या, कॉम्प्युटर इंजिनिअर, वय सत्तावीस. त्या ज्ञानूला काका म्हणायच्या आणि समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. ऐकायचा ज्ञानूला होता.

"काका, बिटकॉइन म्हणजे चौकातला फलक समजा. कुणी कुणाला किती दिलं ते सगळ्या जगाला दिसतं, फक्त नावं टोपण. एक नाव खरं कळलं की दोरा ओढत जायचं. पण ही पार्सलं मागवणाऱ्यानं दुसरंच नाणं वापरलंय. ह्यात फलकच झाकलेला. रक्कम दिसत नाही, घेणारा दिसत नाही, आणि देणाऱ्याच्या शेजारी पंधरा तोतये उभे करतात."

"म्हंजे सोळा जणांनी एकच सोंग घेतलंय."

"तसंच."

"मग सोळाच्या सोळा आत घ्यायचं की."

"त्यातले पंधरा जगात कुठंही असतील, काका."

"मग च्या घ्यायचा," ज्ञानू म्हणाला आणि उठला.

एका कंपनीनं चाळीस दिवसांसाठी फुकट वापरायला एक सॉफ्टवेअर दिलं होतं. आवडलं तर खात्यानं विकत घ्यायचं. मॅडमनी त्यात चारही व्यवहार घातले. पडद्यावर चाक फिरत राहिलं. तिसऱ्या दिवशी जगाचा नकाशा उमटला आणि त्यावर एक लाल ठिपका, आफ्रिकेच्या कडेला, भर समुद्रात.

ज्ञानू चष्मा वर करून बघत राहिला. "तितं ठाणं कुठलं लागतं, मॅडम?"

मॅडम हसल्या नाहीत. ठिकाण सापडलं नाही की यंत्र तिथं ठिपका देतं, असं त्यांनी सांगितलं आणि कपाळ चोळत बसल्या. त्यांचं ते कपाळ चोळणं बघून ज्ञानूला आणखीच थकल्यासारखं झालं. सत्ताविसाव्या वर्षी तो सुद्धा असाच कपाळ चोळायचा, पण तेव्हा निदान म्हैस चोरीला गेलेली असायची. तिचे पाय उमटायचे.

पार्सलं पोचवणारा एकच होता, राजवीर नावाचा. त्याचा जबाब मॅडमनी आधीच नोंदवला होता: घेणारा हेल्मेट, गॉगल, तोंडाला रुमाल. पत्ता चुकीचा असायचा, फोन केला की दर वेळी नवी जागा सांगायचा. चेहरा पाहिलेला नाही, ओळखू शकणार नाही. जबाब सुबक होता, पण त्यातून काहीच हाती लागत नव्हतं.

ज्ञानूनं राजवीरला कार्यालयात बोलावलं नाही. दुपारी तो जिथं गाडी लावून डबा खायचा, तिथंच आपलाही डबा घेऊन शेजारी बसला. आधी त्याच्या गाडीच्या मायलेजवर बोलणं झालं, मग कुत्र्यांवर.

"त्या हेल्मेटवाल्याला पार्सल दिलंस. मग?"

"मग काय? सही घेतली."

"मग?"

"मग दूध पिलो आणि गेलतो की पुढच्या पार्सलाला."

ज्ञानू चावायचा थांबला. "कसलं दूध?"

"त्यानंच पाजलं. पावणं, एवढ्या लांबनं आलायसा, तसंच जाताय व्हय, म्हणला. गंगावेशीच्या कट्ट्यावर, म्हशीखालचं, फेसाचं. चारी पार्सलं येगयेगळ्या जागंवर घेतली, पण दर येळी मला कट्ट्यावर न्हेऊन पाजलं. सवता न्हाय पिला. हेल्मेट काडाय लागलं असतं."

"ह्ये जबाबात का न्हाय सांगितलंस?"

"मॅडमनी चेहरा इचारला. दुधाचं कोण इचारतंय?"

राजवीर खरंच बोलत होता. ह्या शहरात माणूस बँकेचं कर्ज बुडवेल, भावकीची वाट अडवेल, पण दारात ओझं घेऊन आलेल्याला कोरडा परत पाठवणार नाही. नाव लपवलं, चेहरा लपवला, पंधरा तोतये भाड्यानं उभे केले, आणि दूध मात्र पाजलं. ज्ञानूला त्या अनोळखी माणसाची कीव आली. आपणही हेच केलं असतं, असं त्याला वाटून गेलं.

सहाच्या सुमारास तो कट्ट्यावर गेला, साध्या कपड्यात. म्हशी ओळीनं उभ्या होत्या, पितळी चरवीत धारा वाजत होत्या. बाळाबाईनं न विचारताच ग्लास पुढं केला. पन्नास वर्षं ती इथं म्हशी घेऊन येते. तालमीतल्या निम्म्या पोरांची हाडं तिच्याच म्हशींवर पोसलेली.

"लई दिसानं, ज्ञानबा. बायकू आली का खाली?"

"न्हाय वो. मीच वर जातोय, जमलं तर."

"कवापास्नं जातोयस."

ज्ञानूनं ग्लास अर्धा केला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशे, तो हेल्मेट घालून येणारा कोण गं? पार्सलवाल्याला दूध पाजतोय."

"आमचा सम्राट की. दुसरा कोण. हेल्मेट घाटलं म्हणून मान लपती व्हय? गुडगा ग्येला, कुस्ती सुटली, आता जिम काडलीया. पर हात तसाच हाय बग, मोकळा." बाळाबाईच्या आवाजात कौतुक होतं. "म्या म्हटलं, टोपडं काड की बाबा, तर म्हणला, सर्दी झालीया."

उरलेलं दूध ज्ञानूला जाईना. आपण पोलिसाला खबर देतोय हे तिच्या गावीही नव्हतं. ग्लास तसाच ठेवणं शोभलं नसतं, म्हणून त्यानं संपवला.

परत येताना तो चालत आला. वाटेत दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. मोबाईल हुडकला म्हणून सात वर्षं अडकलो. आता हे हुडकलं म्हणून सांगितलं तर पाचव्या अर्जावर शेरा येईल, 'अत्यंत आवश्यकता आहे', आणि कक्षातच हार घालून निरोप देतील. आणि खरा जबाब लिहायचा म्हणजे बाळाबाई साक्षीदार. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं तालमीतल्या पोराविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या.

तरी त्यानं सगळं मॅडमच्या कानावर घातलं. सम्राट घावायला वेळ लागला नाही. जिममध्ये पंचांसमक्ष कपाट उघडलं, त्यात इंजेक्शनं निघाली. आणि फोनमध्ये ते नाणं ठेवायचं पाकीट. इचलकरंजीच्या विणकराला आपणच दिली, हेही तो बोलला. त्याला वाईट वाटत असावं, मान खाली होती. गाडीत बसताना त्यानं विचारलं, "काका, तीन म्हैनं अभ्यास केलता. त्या नाण्याचा माग लागतच न्हाय म्हणत हुती सगळी. घावलो कसा?"

ज्ञानू खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "मशीननं."

सम्राटनं मान हलवली. मशीनपुढं चितपट व्हायचा त्याला कमीपणा वाटला नसावा.

खरी कुस्ती पुढं, कक्षात झाली. मॅडमनी अहवालात पहिल्याच ओळीत ज्ञानूचं नाव घातलं होतं.

"ते काडा," ज्ञानू म्हणाला.

"का काढू? शोधलंत तुम्ही. सॉफ्टवेअरनं समुद्र दाखवला."

"मॅडम, माझं नाव घाटलं की मी हितनं हलत न्हाय. आणि दुधाचं लिवलं तर ती म्हातारी कोर्टात. तुमी असं लिवा, तांत्रिक विश्लेषण करून, तसेच गोपनीय बातमीदारामार्फत माहिती मिळाल्यावरून."

"मी खोटं लिहिणार नाही, काका."

"खोटं कुठलं? विश्लेषण केलं का न्हाय तुमी?"

"केलं."

"त्यातनं काय निगालं असं ह्यात कुठं म्हटलंय? आणि बातमीदार गोपनीयच हाय. तिला सवताला बी म्हाईत न्हाय."

मॅडम पेन आपटत बसल्या. मग म्हणाल्या, "आणि पुढच्या केसला? साहेब म्हणतील, लाव सॉफ्टवेअर. तेव्हा मी काय करू?"

तिला इथं एकटीला समुद्रातल्या ठिपक्यापुढं सोडून आपण जातोय, हे ज्ञानूला कळत होतं. "डबा घिऊन भाईर जाऊन बसायचं," तो म्हणाला. "कुणाच्या तरी शेजारी. आणि मग मग म्हणत ऱ्हायचं." मॅडमनी अहवाल त्याच्या म्हणण्याप्रमाणं केला, पण त्या दिवशी त्या त्याला काका म्हणाल्या नाहीत.

साहेब खूष झाले. सॉफ्टवेअर विकत घ्यायचा प्रस्ताव त्याच दुपारी वर गेला. पाचवा अर्ज समोर आला तेव्हा त्यांनी ज्ञानूला विचारलं, "ह्या केसमदी तू काय केलंस रं?"

"मी समन्स पोचवलं, साहेब. आणि च्या आणला."

साहेबांनी मान डोलावली आणि शेरा लिहिला: "सदर हवालदारास तांत्रिक कामात गती नाही. सोडण्यास हरकत नाही." सात वर्षांत खात्यानं त्याच्याबद्दल लिहिलेलं हे पहिलंच खरं वाक्य होतं, आणि तेही अर्धंच. ज्ञानूनं कागद घेतला, बाहेर व्हरांड्यात आला आणि विमलाला फोन लावला. नशिबानं रेंज होती.

"झाली सही," तो म्हणाला.

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. अकरा वर्षं एकटी झोपलेली बाई काय बोलणार, असं त्याला वाटलं.

"बरं," विमला म्हणाली. "पलंग एकच हाय पण, आणि अरुंद. आदी सुताराला सांगून ठेवते. तुमी म्हैन्यानं या."