पिसाचं धिरडं खरं निघालं

मंडळी, आज मी जिंकलो!

साठच्या दशकात हॅनोव्हरच्या हॉस्टेलात मी बेसनाचं धिरडं घालत होतो. शेजारच्या खोलीतला इटालियन तोनी ओरडला, "हे तर आमच्या पिसातलं!" तिथे भट्टीत भाजतात, मिरपूड घालून गरमच खातात, म्हणाला.

तेव्हापासून मी हे सांगतोय आणि आमची ही म्हणतेय, "अहो, पुरे तुमच्या थापा!"

आज दुपारी, इथेच जर्मनीत जन्मलेली आमची नात पिसाहून व्हिडिओ कॉलवर आली. हातात कागदावर पिवळंधम्मक काहीतरी. घास घेतला आणि भडाभडा जर्मनमध्ये बोलली. त्यात मराठी शब्द एकच: "धिरडं!"

पिसाला जाणाऱ्यांनो, मनोरा काही पळून जात नाही. आधी धिरडं गाठा.

ही उठून आत गेली. आणि आत्ता स्वयंपाकघरात तव्यावर चर्र झालं.