मनुकांचा रस

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि रस घेण्याचा विधी, असे. आदल्या दिवशी आई काळ्या मनुका उकळायची आणि पांडेसरा वस्तीतल्या आमच्या खोलीभर गोड वास पसरायचा. रस गाळून ती बाटलीत भरायची, पण थेंबही चाखायची नाही. कारण चर्चमध्ये त्या रसाचा प्याला तिच्यापुढून तसाच निघून जायचा.

आम्ही बाप्टिस्ट. स्वतः विश्वास धरून, पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच आमच्याकडे भाकर आणि रस मिळे. आईचा बाप्तिस्मा खानदेशातल्या गावी, वेगळ्या पंथाच्या चर्चमध्ये, तान्ही असताना डोक्यावर पाणी शिंपडून झालेला. "परत घे," असं कोणी म्हटलं की ती विचारी, "माझ्या बापाने कडेवर घेऊन नेलं होतं मला. ते काय खोटं?" वडील नियमाचे पक्के.

मी कॉलेजात गेले, घरातली पहिलीच. एका रविवारी मैत्रिणीबरोबर शहरातल्याच गोडादऱ्याच्या चर्चला गेले आणि चक्रावलेच. तेही बाप्टिस्ट! बाप्तिस्मा तिथेही बुडवूनच. पण ढोलकी वाजत होती, बायका उभ्या राहून मोठ्याने प्रार्थना करत होत्या, आणि पाळक म्हणाले, "येशूवर विश्वास आहे त्या कोणीही या मेजाशी यावं."

मी मैत्रिणीला कोपराने ढोसलं. "असं चालतं?"

"आमच्या मंडळीने ठरवलंय. वरून कोण हुकूम सोडणार? आपल्यात प्रत्येक मंडळी आपलं आपण ठरवते."

परतताना शटल रिक्षात मला एका जागी बसवेना. ठरवते, म्हणजे मतं घेऊन. आणि माझा बाप्तिस्मा झालेला, म्हणजे मत मलाही होतं!

आमच्या सभासदांच्या सभेत बायका मत देत, पण बोलत नसत. मी उठले. "विश्वास असेल, पण बाप्तिस्मा शिंपडून झाला असेल... तर त्यांनाही भोजन मिळावं का? मला वाटतं... मतं घ्यावीत."

"घ्या, कॉलेज बोलायला लागलं!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. पण पाळकांनी खरोखरच हात वर करायला सांगितले. माझ्या बाजूने मोजकेच हात आले. वडिलांचा नव्हता.

तरी मी जवळजवळ धावतच घरी आले. आईला सगळं एका दमात सांगितलं. ती हसली. "इथे हरलीस ना? मंग चाल तठे!"

पहिल्या रविवारी तिने नेहमीसारखी बाटली वडिलांच्या हाती दिली आणि माझ्याबरोबर गोडादऱ्याला निघाली. तिथे प्याला आला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, प्यायली.

घरी वडील वाट पाहत होते. "कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"भरून पावले," आई पदराने डोळे टिपत म्हणाली. मग जरा थांबली. "पण रस पाणचट होता हो. माझा कसा लागतो?"

इतकी वर्षं वडील तो पीत आले होते; तिने एकदाही चाखला नव्हता. त्यांनी रिकामी बाटली विसळायला घेतली.

"पुढच्या सभेत," मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तो प्रश्न मी मांडतो. तू बाजूला बस. अडलो तर सांग."