तीन हाका

कोर्टातल्या त्या पट्टेवाल्याला खऱ्या नावानं कुणीच ओळखत नसे. वकील, पोलीस, चोर, साव, सगळ्यांचा तो पुकारेमामा. आवाज असा, की खाली आवारात पेंगणारा साक्षीदारसुद्धा दचकून "हजर!" म्हणायचा. घरी मामी वैतागायची, "जरा हळू बोला, मी काही तुमची आरोपी नाही."

पुकाऱ्याची रीत साधी होती. पहिली हाक दारात, दुसरी व्हरांड्याच्या मध्यावर, तिसरी जिन्याच्या तोंडाशी. तरीही कुणी उठलं नाही, तर आत येऊन सांगायचं, "साहेब, तीनदा पुकारलं, कोणी नाही." मग कारकून 'आरोपी गैरहजर' लिहिणार आणि साहेब पकड वॉरंट काढणार. तीस वर्षं मामानं या तीन जागांमधली फरशी झिजवली होती. गुडघेही झिजवले होते.

एके दिवशी त्या गुडघ्यांनी दावा साधला. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती आणि सुताराचा खटला निघाला. ज्या घरात कपाटाचं काम केलं तिथले दागिने गेले, म्हणून पोलिसांनी त्याला उचललं होतं. कोठडी झाली, जामीन झाला, दोषारोपपत्र आलं. आज त्याच्यावर आरोप ठेवायचे होते. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला. मामाच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यानं दारातूनच तिन्ही हाका एका दमात, अर्ध्या आवाजात उरकल्या. "तीनदा पुकारलं, साहेब," तो आत येऊन म्हणाला.

कोर्ट उठल्यावर व्हरांड्यातल्या खिडक्या लावताना त्याला जिन्याजवळच्या बाकावर एक माणूस दिसला. इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल.

"मामा, माझं नाव आलंच नाही हो. सकाळपासून जागचा हललो नाही." त्यानं नाव सांगितलं.

सुट्टीआधीच्या खटल्यातला सुतारच तो. साहेब अजून चेंबरमध्ये होते, कारकूनही टेबलापाशी होता. दोन वाक्यांचं काम होतं. पण त्यातलं पहिलं 'मी खोटं बोललो' असं होतं, आणि मामाच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते.

"तारीख पडली असेल. वकिलाला विचारा," तो म्हणाला.

सुतारानं वर त्याचे आभार मानले. जाता जाता बाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "डुगडुगत होता. खिडकीचा निघालेला तुकडा पायाखाली घातलाय. आता बघा." मामानं हात टेकवून पाहिलं. बाक हलत नव्हता.

आठवड्यात पोलिसांनी सुताराला आत टाकलं. जामिनाचा अर्ज फेटाळला गेला, कारण माणूस तारखेला येत नाही असं कागदच सांगत होता. मग कधी त्याला आणायला पोलीस नसत, तर कधी साहेब रजेवर. गुन्हा केला की नाही हे कुणी अजून विचारलंही नव्हतं, आणि तो कच्चा कैदी म्हणून दिवस काढत होता.

इकडे मामाच्या जिभेवर ते नाव चिकटून बसलं. कुणाचाही पुकारा करायचा झाला, की आधी तेच ओठांवर यायचं आणि आवंढ्यासारखं गिळावं लागायचं. मामीनं जेवायला तीनदा हाक मारली, तर हा ताटासमोर बसून हाका मोजायचा. त्या बाकाकडे तर त्याला बघवेना. तीनदा तो कबुली द्यायला चेंबरच्या दारात गेला. "काय मामा?" असं साहेबांनी विचारलं, की म्हणायचा, "पंखा नीट चालतोय ना, साहेब?"

मामाच्या नोकरीचा शेवटचा आठवडा आला. सुतार तुरुंगात तापानं गेल्याचं त्याच्या कानावर आलं. पण तसा कागद अजून फाइलला लागला नव्हता, आणि कागद लागेपर्यंत कोर्टाच्या लेखी माणूस जिवंत असतो. खटला निघाला. साहेब म्हणाले, "पुकारा."

मामानं दारात पहिली हाक मारली. मध्यावर दुसरी. मग पाय ओढत जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिसरी. अशी हाक त्यानं तीस वर्षांत मारली नव्हती.

बाकावरून एक बाई उठली. तिच्या हातात मृत्यूचा दाखला होता. "मी त्यांची बायको. नेहमी एवढ्या मोठ्यानं हाक मारता?"

"हो," मामा सवयीनं म्हणाला.

"मग त्यांना कशी ऐकू आली नाही हो? भेटायला गेले की दर वेळी मी त्यांनाच बोलायचे. तुम्हाला डुलकी लागली असेल, म्हणायचे. ते नाही नाही म्हणायचे. शेवटच्या भेटीत म्हणाले, असेल, लागली असेल."

मामानं आधारासाठी बाकावर हात टेकला. बाक जागचा हलला नाही.

"डुलकी लागली नव्हती, बाई," तो म्हणाला. "मी इथपर्यंत आलोच नव्हतो."

आतून साहेबांचा आवाज आला, "मामा, आरोपीतर्फे कोणी हजर आहे का?"

"आहे, साहेब," मामा म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं. मग त्यानं खांद्यावरचा पट्टा उतरवला, बाईला पुढे घातलं आणि आरोपी उभे राहतात त्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभा राहिला.