तुमचं लेकरू

बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी, जवळा बाजारला झालं. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपनं निघालो तेव्हा मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. पोचेस्तोवर निम्मा झाला. बाळंतिणीचं खाणं खाणारा बाप पंचक्रोशीत मीच असेन.

ती बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"तुमचं लेकरू रडून राहिलं," ती म्हणाली. "घ्या."

मी फुललो. नाक माझ्यावर गेलंय ना! बारशाला तिचं हे 'तुमचं लेकरू' मी पाव्हण्यांना दोनदोनदा ऐकवलं. सगळे हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "जावईबापू, ती एकदाबी 'माझं' म्हनली न्हाई. आपून दवाखान्यात जाऊ."

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर काहींचं मन असं खचतं. गोळ्या देते, आराम पडेपर्यंत जपा. आमच्याकडं आराम पडणं म्हणजे बरं होणं, हे शेंबडं पोरगंही जाणतं. मी मात्र ऐकली विश्रांती. लेकरू नसलं की रडं नाही, रडं नसलं की झोप. उचललं लेकरू, निघालो गोरेगावला आईकडं.

सासूबाई जीपमागं धावल्या. "अवं, लेकरू काहून न्हेता?"

"तिच्या आरामासाठी!" मी पुढाऱ्यासारखा हात हलवला.

वरच्या दुधावर लेकरू गुटगुटीत झालं. मी गावभर मिरवलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, दोघांना एकत्र सांभाळायचं होतं. लेकरू तिच्या कुशीत ठेवायचं, बाकीचं सगळं तुम्ही उपसायचं. मी काय तोडायला सांगितलं होतं?"

लेकरू घेऊन परत गेलो. ती उठून बसली आणि बाजेवर सरकून त्याला जागा दिली. जीपमध्ये अनोळखी बाईला देतात तशी, पदर सावरून. दूध केव्हाच आटलं होतं.

आता मी सासुरवाडीलाच राहतो. लंगोट धुतो, बाटल्या उकळतो, दोनदा हातही भाजून घेतलाय. लोक घरजावई म्हणून चिडवतात. बराबरच आहे. गोळ्या चालू आहेत. लेकरू रोज तिच्या कुशीत ठेवतो. ती पडू देत नाही, एवढंच.

काल ते तिच्याकडं बघून हसलं. तिनं मला हाक मारली. मी साबणाच्या हातानं पळत आलो.

"तुमचं लेकरू हसून राहिलं," ती म्हणाली. "घ्या."