लॉकवर बांधलेला धागा

कालव्याच्या मोजणी खात्यात रुपराव होते ड्रायव्हर, पण सगळे त्यांना मास्तर म्हणत. कारण एकच, शिकवायची खोड. लष्कराच्या लिलावातून खात्याने घेतलेली एक जुनी जीप त्यांच्या ताब्यात होती, आणि तिच्यात नागपुरातल्या दुसऱ्या कुठल्याही सरकारी गाडीत नाही अशी चीज होती, निदान रुपराव तरी तसं छातीठोकपणे सांगत. सीटजवळ एक लहानसा लोखंडी दांडा. तो वर ओढला की पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जात. मग एक चाक चिखलात गरगरतंय आणि दुसरं मख्खासारखं उभं आहे, असं होत नसे. दोन्ही सारखीच फिरत आणि काळ्या मातीच्या गाऱ्यातून गाडी बाहेर येई. याला रुपराव लॉक म्हणत.

हे लॉक त्यांनी फक्त एका माणसाला शिकवलं. मौद्याचा नत्थूजी, बदली ड्रायव्हर, चाळिशीचा, सांगितलेलं मुकाट ऐकणारा. असा शिष्य मिळाल्यावर मास्तरांची जीभ थांबते कशाला?

"नत्थू, हे औषध हाय, भाजी नाही. लागन तेवढंच घ्याचं. पह्यले गाडी उभी कर. चाकं सरळ कर. मंग दांडा ओढ. गाऱ्यातून निघाली का तिथंच खाली कर. लॉक लावून वळवाले जाशीन तं गाडी तुहं ऐकनार नाही, नाकासमोर जाईन. आन् अंगठे स्टिअरिंगच्या आत घालू नको. झटका बसला तं मोडतेत."

"हो जी," नत्थूजी म्हणे. आणि तसंच करी.

रुपरावांचा आणखी एक नियम होता, तोही तितकाच कडक. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की पाचपदरी धागा बांधायचा आणि कोजागिरीपर्यंत तोडायचा नाही. त्यांचे वडील बैलगाडीच्या जुवाला तो बांधत. एका वर्षी कुणीतरी तो आधी तोडला आणि त्याच आठवड्यात बैल गेला, ही गोष्ट नत्थूजीने दहा वेळा तरी ऐकली असेल. जुवाला धागा बांधला तरी जू चालतं. गाडीच्या दांड्याचं तसं नसतं, हे मात्र मास्तरांच्या डोक्यात कधी आलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शहात्तर सालच्या दसऱ्याला मोजणीचा तळ मौद्याजवळ होता. सकाळी रुपरावांनी जीप कन्हान नदीत उतरवून धुतली. वर येताना वाळूत चाक रुतलं, त्यांनी नियमाप्रमाणे गाडी थांबवून लॉक लावलं आणि ती काठावर आणली. तिथेच कडुनिंबाखाली उभी करून हळदकुंकू, लिंबू, नारळ सगळं केलं. धागा कुठे बांधावा? ज्या दांड्यावर आपला जीव, त्यालाच. दांडा आणि समोरची धरायची लोखंडी दांडी, असे दोन्ही मिळून पाच वेढे घातले आणि गाठ मारली. दांडा वर होता. तो खाली करायचा राहून गेला. घरी बायको प्रेमिलाबाई पुरणाचा स्वयंपाक करून वाट पाहत होत्या, नागपूरची बस फाट्यावर येतच होती, आणि मास्तर किल्ली नत्थूजीच्या हातात देऊन पळाले.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. जीप कालव्याच्या बांधावरून खाली गेली, नत्थूजीला नागपुरात रामदासपेठेतल्या इस्पितळात आणलं आहे, कमरेखाली काही कळत नाही.

खात्याच्या साहेबांनी रुपरावांना आधी गाडी बघायला धाडलं. बांधावर पावसाची ओल होती. जिथे रस्ता डावीकडे वळतो तिथे चाकांच्या खुणा वळल्याच नव्हत्या, सरळ कडेवरून खाली गेल्या होत्या. आडव्या पडलेल्या जीपमध्ये त्यांनी डोकं घातलं. दांडा वरच होता. धागा जसाच्या तसा, गाठ त्यांची स्वतःची. आसपास कुणी नव्हतं. त्यांनी दांड्यावर हात ठेवला आणि खाली दाबला. धागा तुटला. तुकडे त्यांनी खिशात घातले.

हे आपण काय केलं, ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. मागाहून भान आलं, भीतीने हात चालला, असं ते स्वतःला पुष्कळ दिवस समजावत राहिले, पण ते खोटं होतं. चौकशीत त्यांनी सही केली, दांडा खाली होता, लॉक उघडं होतं. निकाल लागला, ड्रायव्हरने गाडी बेदरकारपणे हाकली. नत्थूजीची नोकरी गेली, आणि त्याच्या बायकोला, रुखमाबाईला, खात्यात घ्यायची बोलणी चालली होती तीही मोडली.

त्यानंतर रुपराव दर रविवारी एसटीने मौद्याला जाऊ लागले. बाजेवर पडलेल्या नत्थूजीला कुशीवर वळवत, त्याची दाढी करत, गावच्या गप्पा मारत. आज सांगू म्हणून निघत आणि न सांगता परत येत. घरी त्यांना अन्न गोड लागत नसे. कुणी गाडीतलं काही विचारायला आला तर म्हणत, "मले काही येत नाही, दुसऱ्याले इचार." शिकवायची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची जिवंतपणी गेली.

पुढचा दसरा महिन्यावर आला तेव्हा त्यांना सहन होईना. आधी ते साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी दार लावून घेतलं. "कागद वर गेले, प्रकरण मिटलं. आता उकरून तुम्हीही जाल आणि मीही जाईन. जा, गाडी पुसा." तिथून रुपराव तडक मौद्याला गेले. बाजेशेजारी बसून, खाली मान घालून त्यांनी नत्थूजीलाही सगळं सांगितलं. दांडा, धागा, खिशातले तुकडे, सही.

नत्थूजी छताकडे पाहत होता.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "मी गाडीत बसलो तवाच पाह्यलं, दांडा वर हाय. सायेब घाई करून राह्यले होते. म्हनलं, मास्तरनं बांधला, कोजागिरीलोक तोडाचा नाही. हळूच नेतो. हळूच नेत होतो जी मी."

"मंग सायबाले काहून नाही सांगितलं गा?"

"सायबानं इस्पितळात इचारलं, लॉक होतं का? मी म्हनलं, मास्तरले इचारा, ते खरं सांगतीन. मंग तुम्ही येऊ लागले. पह्यल्या रविवारी वाटलं, आज सांगतीन. मंग दुसऱ्या. अकरा महिने मी वाट पाहून राह्यलो. पाय गेले त्याचं एवढं नाही वाटलं."

रुपरावांनी त्याचा हात धरायला हात पुढे केला. नत्थूजीने आपला हात गोधडीखाली घेतला. पाठ फिरवणं त्याला जमत नव्हतं.

"आता येत नका जाऊ," तो म्हणाला.

रुपराव उठले. ओसरीवर रुखमाबाई चहा गाळत होती. "बसा ना भाऊजी, झालाच," ती म्हणाली. "तुमच्याबिगर याईले दुसरं कोन हाय?"